सत्त्याण्णव अंशांना उकळलेलं पाणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, आमच्या मुख्याध्यापिका, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या विज्ञानाच्या बाई, माझे सहकारी, पालक, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दाराशी उभे असलेले आपण सर्वजण,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. भाषेच्या मास्तराला दोन शब्दांत आटपायला सांगणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच आहे, तरी प्रयत्न करतो.

आधीच्या वक्त्यांनी सांगितलं, की बाई कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छेने शाळा सोडताहेत. असेल बुवा! त्यांच्या कुटुंबाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे, की त्यांचे यजमान परवा भाजी घेताना भेटले आणि म्हणाले, "सर, काहीही करा, पण हिला शाळेतच ठेवा. घरी राहिली तर मला शिस्त लावेल." हसा, हसा. मीही हसलो होतो. मग घरी गेलो आणि जेवण गेलं नाही.

बाईंची शिस्त म्हणजे काय, ते शेजारच्या वर्गात तास घेणाऱ्या मला विचारा. सहावीतून सातवीत आलेलं पोर कसं असतं? "बाई, निळ्या पेनाने लिहू की काळ्या? समास आखू का? पान संपलं, उलटू का?" त्यातल्या एका मुलीचं तर नावच पडलं होतं, 'करू का'. पाणी प्यायला गेली तरी नळाशी थांबून मागे वळून बघायची. अशा पोरांना बाई कधी ओरडल्या नाहीत. त्यांनी काय केलं, तर स्वतःची खुर्ची उचलून वर्गाच्या मागे नेऊन ठेवली. चौघाचौघांचे गट केले. एकाने सामान आणायचं, दुसऱ्याने मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं, आणि चौथ्याचं काम फक्त शंका काढायचं. दर आठवड्याला कामं बदलायची. कपाटातल्या प्रत्येक डब्यावर पोरांच्याच हातची चिठ्ठी. पहिले दोन महिने इतका गोंधळ होता, की मी भिंतीपलीकडून कविता शिकवत होतो की लिलाव पुकारत होतो, माझं मलाच कळत नव्हतं. आणि मग एके दिवशी एकदम शांतता. मला वाटलं, बाई रजेवर आहेत. डोकावलो, तर पोरं काम करत होती. बाई मागे बसून नुसत्या बघत होत्या. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

आता अध्यक्ष महोदय घड्याळ बघताहेत, पण मुद्द्यावर आल्याशिवाय मी खाली बसलो तर मलाच झोप लागायची नाही.

त्या वर्गाने पाणी उकळलं. पुस्तकात लिहिलंय, शंभर अंश. यांचा पारा सत्त्याण्णवला थांबला. एका गटाचा नव्हे, सगळ्यांचा! पोरांनी आधी थर्मामीटरवर संशय घेतला, तो वितळत्या बर्फात घालून तपासला. बरोबर शून्य. मग पाण्यावर संशय, मग बर्नरवर. बाई मागे आपल्या खुर्चीवरच. शेवटी कुणीतरी पुस्तकातल्या त्या वाक्याखालची बारीक ओळ वाचली, की हे समुद्रसपाटीचं आहे. आणि आपलं गाव उंचावर! त्या दिवशी पोरं जी नाचली, त्याची तक्रार मीच केली होती.

परीक्षेत प्रश्न आला, पाणी किती अंशांना उकळतं. अख्ख्या वर्गाने लिहिलं, आमच्या प्रयोगशाळेत सत्त्याण्णव. पेपर बाहेरच्या शाळेत तपासले गेले. अख्ख्या वर्गाला भोपळा! दोन गुणांचा प्रश्न हो, पण जमलेल्या पालकांनी शाळा डोक्यावर घेतली. फेरपरीक्षा ठरली. बाईंना सांगण्यात आलं, फळ्यावर शंभर लिहा आणि पोरांकडून पाठ करून घ्या. बाई म्हणाल्या, पुस्तकाचा आकडा आणि आपला आकडा, दोन्ही कारणासकट लिहायला सांगते. वरून उत्तर आलं, नाही, फक्त शंभर. त्याच संध्याकाळी बाईंनी राजीनामा दिला. आम्ही सगळे शिक्षकांच्या खोलीत मूग गिळून बसलो होतो.

इथपर्यंतचं पुष्कळांना माहीत आहे. पुढचं मात्र बाईंनाही माहीत नाही.

फेरपरीक्षेला वर्गावर मी होतो. राजीनाम्याचं पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण बाईंवर संकट आहे एवढं त्यांना कळलं होतं. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी बैठक घेतली. अगदी बाईंच्या पद्धतीने! चर्चा केली, शंका काढल्या, आणि ठरवलं, की सगळ्यांनी शंभर लिहायचं, म्हणजे बाई राहतील. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडून त्यांनी शंभर लिहिलं. मी पेपर गोळा करत होतो. काय वाटलं सांगू? तो गठ्ठा तिथेच फाडून टाकावासा वाटला.

एका पेपरावर मात्र सत्त्याण्णव होतं. 'करू का'च्या. मी विचारलं, "अगं, सगळ्यांचं ठरलं होतं ना?" तर म्हणाली, "सर, त्या दिवशी मोजायचं काम माझं होतं."

आणि परीक्षेनंतर चौथ्या दिवशी या समारंभाची सूचना लागली. पोरांनी आपल्या बुद्धीने निष्कर्ष काढला, हिच्यामुळे बाई गेल्या. तेव्हापासून तिच्याशी वर्गात कुणी बोलत नाही. चौघांच्या गटात ती एकटी. डबासुद्धा एकटी खाते.

मी तिला समजावलं नाही असं नाही. म्हटलं, "बाळ, राजीनामा तुझ्या पेपरच्या आधीच दिला होता." तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर, ते तुम्ही स्वतः पाहिलंत, की कुणी सांगितलं?" मला शिपायाने सांगितलं होतं! म्हणाली, "मग तुम्ही माझी समजूत काढताय." तीस वर्षं पोरांची समजूत काढण्यात मी तरबेज आहे, पण त्या पोरीपुढे माझं काही चाललं नाही. अध्यक्ष महोदय, शिकवणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं हो?

सोमवारपासून नवीन शिक्षक येईपर्यंत तो वर्ग माझ्याकडे आहे. मला भीती वाटते. विज्ञानाची नाही, ते मी वाचून काढीन. त्या मुलीची वाटते. ती पुन्हा नळाशी थांबून मागे बघायला लागली, तर मी काय करणार आहे?

आज सातवीला इथे खाली आणलेलं नाही. रडारड नको म्हणून उजळणीला बसवलंय. ती शेवटच्या बाकावर आहे. बाई, राजीनामा कधी दिलात हे ती फक्त तुमच्या तोंडून खरं मानेल, आणि समारंभानंतर तुमची गाडी...

बाई? हो, हो, जा तुम्ही. पुष्पगुच्छ राहू द्या खुर्चीवर. जरा वाट द्या त्यांना. ताई, ती पिशवी घ्या बाजूला.

अध्यक्ष महोदय, कार्यक्रमात यापुढे सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. ते आता वरच्या मजल्यावर होईल, आणि ऐकायला एकच वर्ग असेल. कृपा करून कुणी मागोमाग जाऊ नये, फोटोवाल्यांनीही नाही.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, आपले आभार मानतो. समारंभात बोलू नये असं पुष्कळ बोलून गेलो आहे, वयाकडे बघून पदरात घ्या. नाहीच जमलं, तर राग माझ्यावर काढा. त्या पोरीला कुणी काही बोलू नका.