गुडघाभर पाण्यात बुडालो तेव्हा

हसू नका, मी खरंच एकदा सिनेमात बुडालोय. भाट्याच्या किनाऱ्यावर मुंबईची एक मूकपटवाली कंपनी आली होती. त्यांना बुडणारा खलाशी हवा होता. मी शाळामास्तर, पण सुट्टीत दाढी वाढलेली, म्हणून मलाच धरलं. पाणी होतं गुडघाभर.

डायरेक्टर म्हणाला, "मास्तर, खाली बसून मागे रेला. हनुवटीपर्यंत पाणी येऊ दे."

रेललो, तर माझे गुडघे दोन नारळांसारखे वर आले.

"अहो, गुडघे दिसतायत!"

"दिसू देत. कॅमेऱ्यात फक्त तोंड आणि हात येणार."

आमची ही किनाऱ्यावर पदर तोंडाला लावून हसत होती.

पुढे तो सिनेमा रत्नागिरीत तंबूत लागला. बायका एकीकडे, आम्ही पुरुष दुसरीकडे. आधी उसळत्या लाटा दिसल्या, त्या भलत्याच दिवशी घेतलेल्या. मग पडदाभर माझं तोंड, गटांगळ्या खाणारं. तेवढ्यात बायकांतून किंकाळी आली, "दामोदरपंत, वर या हो!"

उखाण्याखेरीज जिने कधी माझं नाव घेतलं नव्हतं, तिची!

मी उठून ओरडलो, "अगो, मी इथे आहे!" सगळा तंबू खो खो हसला.

घरी जाताना मी म्हटलं, "पाणी केवढं होतं ते तू स्वतः बघितलंस ना? हसत होतीस की तेव्हा!"

ती खाली बघत म्हणाली, "तेव्हा तुमचे गुडघे दिसत होते."