सहीपुरता मोकळा हात

समारंभाचे अध्यक्ष विजयसिंहकाका, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आमच्या तालीम मंडळाचे आजपर्यंतचे सचिव हंबीररावदादा, आणि पेठेतल्या समस्त फुटबॉलवेड्या मंडळींनो, सर्वांना जयभीम आणि नमस्कार.

मी संघप्रिया, मुलींच्या संघाची गोलकीपर. गौरवाचे चार शब्द बोलायला दादांनीच मला नेमलं. त्यांचा शब्द मी कधी मोडलाय का?

मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारता मारता दादांनी मला आशियाचा कारभार शिकवला. "हे बघ पोरी, तालमीवर जिल्हा, जिल्ह्यावर राज्य, राज्यावर देशाची संघटना. आन् त्येच्यावर क्वालालंपूरचं आशियाई मंडळ. सत्तेचाळीस सभासद, पाच विभाग. देश केवढा का असंना, काँग्रेसमधी, म्हंजी त्येंच्या मोठ्या सभेत, मत एकच! अध्यक्ष तीच निवडती की!"

गोव्याच्या एका क्लबनं मला बोलावलंय, सोबत नोकरीही आहे. हवं फक्त दादांच्या सहीचं ना-हरकत पत्र. दोन हंगाम झाले, मी ते मागतेय. दादा म्हणतात, "तू गेलीस तर गोल कोण राखणार? पोटच्या पोरीला कोण सोडतंय व्हय?" या मायेची तक्रार तरी कुणाकडे करायची?

मी थेट क्वालालंपूरला लिहिलं. सौजन्यानं उत्तर आलं: आमचे सभासद म्हणजे देशांच्या संघटना, खेळाडू नव्हेत, आपल्या संघटनेमार्फत यावे. देशानं राज्याकडं बोट दाखवलं, राज्यानं जिल्ह्याकडं. जिल्ह्यानं लिहिलं, आपल्या मंडळाच्या सचिवांना भेटावे. ते पत्र दादांनीच मला वाचून दाखवलं, वर चहा पाजला. हसू नका, चहा फक्कड होता. पण त्या दिवशी मला रडू आलं.

गोव्याच्या क्लबची खेळाडू-नोंदणी उद्या बंद होते. दादांचा सहीचा अधिकार या समारंभाबरोबर संपतो, आणि नवा सचिव निवडणारी सभा दिवाळीनंतर. मधल्या काळात सही करणारं कुणीच नाही. दादा, माझा इथं जीव गुदमरतोय, हे चारचौघांत सांगायची वेळ यावी, याचं मलाच वाईट वाटतं.

तुमच्या एका हातात श्रीफळ आहे, दुसरा मोकळा दिसतोय. पत्र मी आणलंय, पेन काकांनी दिलंय.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, तर चूकभूल पदरात घ्या. आणि दादा, हातात आलेलं सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आज मात्र तेवढं तुम्ही सोडा.