नर्सरीवाल्यांनी नेलेला कोळसा

— नाही हो, तुमचं काही चुकलं नाही, भाऊ, तुम्ही बसा आधी — आमचे हे सकाळी सकाळी तुमच्या नर्सरीत जाऊन उभे राहिले, 'माझा कोळसा रोपांना मानवला का' म्हणाले, आणि तुम्हाला कळेना कसला कोळसा. कळणार कसं? तुम्ही कधी घेतलाच नाहीत. मीच सांगत आले त्यांना, पोतं भरलं की, नर्सरीवाल्यांनी नेलं, आणखी हवंय म्हणतात. आता कुठेत ते? — तुमची वाट बघत नर्सरीतच बसलेत? मग थोडा वेळ आहे म्हणायचा.

तंबाखूच्या वखारीत होते हो, पानांची प्रतवारी करायला. वखार बंद पडली आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपले. बोलणं नाही, जेवणाची शुद्ध नाही. एकदा मी शिवलेले कपडे देऊन लवकर परत आले म्हणून — म्हणजे, लवकर आले ते बरं झालं, एवढंच. दोर मी नंतर जाळून टाकला. जाऊ द्या ते. मग एक दिवस आपणहून उठले, वखारीमागे कुजत पडलेले देठ, शिरा, भुकटी — गुरं तोंड लावत नाहीत त्याला — घेऊन आले, आणि अंगणात पिंप मांडलं. झाकण घट्ट, आत हवा जाऊ द्यायची नाही, खालून जाळ. जळत नाही म्हणे ते, आतल्या आत भाजतं. वाफ नळीतून पाण्यात गार झाली की काळं तेल ठिबकतं, ते सुतार नेतो वाळवीसाठी — खरंच नेतो, हे खोटं नाही — उरलेला वायू परत जाळाला, आणि पिंपात कोळसा. मातीत मिसळला की ओल धरतो. बघा, मलासुद्धा पाठ झालं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून जेवायला मागितलं, भाऊ.

पोती? पोती वर माळ्यावर आहेत. सगळी, तुमच्या पायाशी आहे ते कालचं एक सोडून. गुडघ्यामुळे त्यांना शिडी चढवत नाही, म्हणून तिथे. ते आंघोळीला गेले की मी एकेक चढवते, आणि शिवणातले पैसे हातावर ठेवते, नर्सरीवाल्यांनी दिले म्हणून. आता तुळई वाकलीय, रात्री करकरते, हे म्हणतात उंदीर असतील, मी म्हणते हो, उंदीरच.

तुम्ही फुकट न्या. नेऊन कुठेही ओता, मी विचारणार नाही. फक्त एकदा त्यांच्या तोंडावर म्हणा, चांगलाय — तुमचं काय जातंय? असं चुरडून काय बघताय? — हो, हलका असतोच तो. रोपांना? नाही, कुणी घालून बघितला नाही. अहो, कुणाकडे गेलेच नाही तर घालणार कोण? तुमच्याकडे कशाला येणार होते मी? नाही म्हणाला असतात तर घरी येऊन काय सांगितलं असतं? त्यापेक्षा माळा बरा. माळा नाही म्हणत नाही.

असं नका बघू. मला ठाऊक आहे मी काय केलंय. चांगला असेल नाहीतर माती असेल, मला काय कळतंय त्यातलं, मला एवढंच कळतं की पिंप पेटलं की माणूस —

थांबा. फाटक वाजलं. उठू नका, बसूनच राहा. ते पोतं असू द्या पायाशी.

अहो, या ना आत. बघा कोण आलंय. तुमच्याच कोळशाचं चाललं होतं आमचं.

बोला ना, भाऊ.