खरं नाव

पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट. अंबरनाथ पश्चिमेच्या एका दवाखान्यात औषधासाठी बसलो होतो. पुढच्या बाकावर बदलापूरकडची एक शेतकरीण आणि तिच्याशेजारी बायबल घेतलेली ख्रिस्ती बाई.

“तुमच्या देवाचं नाव काय गं, बाय?”

“पुष्कळ आहेत, मावशी. सर्वसमर्थ, सेनाधीश, मेंढपाळ...”

“सैन्य पण त्याचंच आन् मेंढरं पण तोच राखतो?”

“हो.”

“आमच्या गावात असाच एक आलेला. एका घरी वैद्य, दुसऱ्या घरी जोशी. सकाळी माझ्या दोन कोंबड्या गायब. तू खरं नाव सांग.”

“खरं नाव आहे ना या पुस्तकात. पण जुने यहुदी लोक ते तोंडाने घेत नसत. वाचताना तिथे ‘प्रभू’ म्हणायचे.”

“का? लपवायचे?”

“लपवायचे नाहीत, मावशी. मान राखायचा म्हणून घेत नसत.”

“मला नाय पटत. नाव सांगायला कचरतो त्याला मी उंबऱ्याच्या आत घेत नाय.”

एवढ्यात खिडकीतून कंपाउंडरने तिला बोलावलं.

“नाव?”

“कौसाबाई.”

“औषध कुणाला?”

“आमच्या मालकांना. ताप उतरत नाय.”

“त्यांचं नाव?”

“हिरामणचा बाप.”

“बाटलीवर लिहायचंय, बाई. नाव सांगा.”

“घरधनी लिवा.”

“नवरा तुमचाच ना? मग नाव का लपवता?”

“लपवते कुठं? घेत नाय मी.”

कंपाउंडरने टाक खाली ठेवला. ती बाकाकडे वळली.

“तू काय बघत बसलीस, बाय? सांग की त्याला, का घेत नाय ते!”