मेथी खुडायची खूण

मी अल्लीपूरचीच. माहेर वावरातलं, सासरही वावरातलं, जलमभर वांगे, मेथी, मिरच्या. बोलाची मले लय खोड, बाजारात माहा आवाज पार बस स्टँडपर्यंत जाते, अन् काय सांगू तुम्हाले, देवानं पोट्टी देल्ली ते ऐकूच न येनारी. गौरी.

सकाळी मी मेथी खुडत बसो, ते समोर खेळे. दोनेक वर्साची असंन, मी पानी आनाले आत गेली तं दारात उभी राहून दोन बोटांनं हवेतच खुडू लागली, असं, पाहा. मी म्हनलं, हिले काय झालं? मंग ध्यानात आलं, मले बलावून राह्यली. कोनं शिकवलं नाई, तिनंच काढलं माहं नाव. बापाचं नाव छातीवर बुक्की, त्याले बिडीचा खोकला ना! लय हासलो आम्ही.

सहा वर्साची झाली तं वर्ध्याच्या बहिऱ्या लेकरायच्या शाळेत टाकलं, तिथंच राहाची. तिचा बाप नाई म्हने, मीच टाकलं. दिवाळीले आली अन् मले पाहून हातानं भलतंच केलं. शाळेत आईले असं म्हनतात म्हने, माहा हात धरून शिकवलं मले. शिकली मी बाप्पा. पन माहं नाव काही काढलं नाई. मी मुद्दाम ढीगभर मेथी घेऊन बसली समोर, तरी नाई. राग आला, रडूबी आलं. शाळेनं तिले बोली देल्ली अन् माहं नाव पुसलं, असंच वाटे.

मांगच्या महिन्यात शाळेत गेलती. आंगनात एक इवलीशी पोट्टी, नवीनच आनलेली, फाटकाकडं पाहून रडून राह्यली होती, अन् दोन बोटांनं हवेत खुडत होती. मी जागीच उभी. बाईले इचारलं, हिची माय भाजी इकते का? बाई म्हने, नाई हो, ते जाम गावाले हॉटेलात भांडे घासते. आम्ही शिकवतो ते आईची खूण वर्गात करतात, पन मायची आठोन आली का सारे लहाने पोट्टे असंच करतात, तुमच्या गौरीपासून शिकले.

तवा समजलं मले. घरी मी समोरच असो, मंग कायले खुडन ते?

निघताना मांगं पाह्यलं, गौरी फाटकात उभी, खुडून राह्यली होती. मीबी खुडलं, हातात पिशवी होती तरी.

सारेच लेकरं सुखी राहो. औंदा दिवाळीले येईन ते. नाई घेतलं माहं नाव तं बरंच. समोर बसलेली असंन.