आरमाराचा साग

हासू नका लेकहो, खरं सांगून राहिलो. कापसाले सोन्याचा भाव होता, त्या साली एका गोऱ्या सायबानं अचलपूरच्या माह्या वावराच्या बांधावर सागाची रोपं लावली.

मी पुसलं, "सायेब, हे कायले?"

"आरमाराच्या होड्यांसाठी. शिपाई किनाऱ्यावर उतरवाच्या. कापसाच्या पैशातून सरकारनं मंजूर केल्या."

"लढाई कोनासंग हाय?"

"ते अजून ठरलं नाई. साग वाढाले पंचवीस वर्सं लागतीन."

"अन् शिपाई?"

"त्यायलेबी तेवढीच लागतीन."

उन्हाळ्यात सगळी रोपं वाळली, एकच जगलं. रोपं लावाच्या आधी माह्या पोराची नाळ मी जिथं पुरली होती, नेमकं तिथलं.

सायबानं त्याले लाल चिंधी बांधली अन् म्हने, "हे आमचं."