थोरले भाऊ वाळवणावरून निघून गेल्याबाबत

मी, खाली सही करणार, वय अडुसष्ट, धंदा फळे वाळवून सुकामेवा करणे, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार डांबरी रस्ता संपतो त्याच्या पुढची ओढ्याकाठची बाग. माझे कागदावरचे नाव हवालदारांनी वर लिहून घेतले आहे, पण त्या नावाने विचारले तर आमचे घर कोणी दाखवणार नाही. सगळे मला धाकटे म्हणतात आणि माझ्या भावाला थोरले. समक्ष ठाण्यात हजर राहून सांगतो की, माझे थोरले भाऊ आज बागेतून नाहीसे झाले आहेत. मी घाबरलेलो आहे, त्यामुळे बोलण्यात मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

घरात मी, थोरले, माझा मुलगा व सून अशी चार माणसे. माझी बायको वारली. भावजयही वारली, थोरल्यांना मूलबाळ नाही. बाग वडिलांची. जर्दाळू, अंजीर, बदाम आणि चार अक्रोडाची झाडे. आमच्याकडे माल उन्हातच वाळतो. जर्दाळू चिरून, बी काढून, पोटाची बाजू वर करून वेताच्या ताट्यांवर मांडायचे. दव पडायच्या आत ताट्या खोलीत घ्यायच्या, सकाळी ऊन भिंतीवरून अंगणात उतरले की परत बाहेर. गंधकाची धुरी आम्ही देत नाही, म्हणून आमचा जर्दाळू काळपट दिसतो. हवालदार म्हणाले, हे जबाबात कशाला? मी म्हणालो, साहेब, ह्यातच सगळे आहे, लिहा.

माल झाला की नाही हे थोरले ठरवत. मूठभर घेऊन दाबायचे आणि मूठ उघडायची. फोडी आपोआप सुट्या झाल्या तर झाला. बदाम कानाशी हलवायचा. त्यांनी हात लावल्याशिवाय एकही ताटी उचलायची नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. वडिलांनंतर हा कायदा त्यांच्याकडे आला आणि मी त्याच्याखाली आयुष्य काढले. मला त्याचे कधी काही वाटले नाही. थोडे वाटले असेल.

गेल्या हंगामात त्यांनी झाले म्हणून दिलेले अंजीर आतून ओले निघाले. पेटीच्या पेटी आंबली. व्यापाऱ्याने परत पाठवली. थोरले दोन दिवस पेटीजवळ बसून एकेक अंजीर फोडून बघत होते. ह्या वर्षी मुलाने वाळवणाचे कपाट आणले. विजेवर चालते, आत गरम हवा फिरते, झाले की शिट्टी वाजते. मग थोरल्यांना काय काम द्यायचे असा प्रश्न आला. सून म्हणाली, "काकांना बाहेर सावलीत बसू दे. उरलेल्या ताट्यांवरची पाखरं हाकलतील." मुलाने तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी आणून दिली. लहानपणी आम्ही दोघांनी ते काम केलेले आहे. सून हसत म्हणाली, "काका, राजाचं काम आहे. बसायचं आणि नगारा वाजवायचा." थोरले म्हणाले, "राजाचं कुठलं गं, बुजगावण्याचं. पण बुजगावण्याला चहा नसतो, तेवढा मला आणून देत जा."

सगळे हसले. मीही हसलो. असे त्यांचे बोलणे असतेच.

आज सकाळी ऊन अंगणात आल्यावर ते अक्रोडाखालच्या बाजेवर जाऊन बसले. मी, मुलगा व सून मागच्या खोलीत कपाटात माल भरत होतो. तिथून अंगण दिसत नाही, पण डबा ऐकू येतो. डबा वाजतोय म्हणजे थोरले आहेत, हे आम्ही धरून चाललो होतो. वाजणे एकसारखे नव्हते. कधी लागोपाठ, कधी बराच वेळ नाही, पण थोरले लहरीच आहेत. जेवणाच्या वेळी सुनेने मागच्या दारातूनच हाक मारली, "काका, या, पान वाढलंय." उत्तर आले नाही, डबा तेवढा वाजला. सून म्हणाली, "आज स्वारी रुसलेली दिसते." मुलगा म्हणाला, "भूक लागली की उतरेल राग." त्यांचे ताट झाकून ठेवले. उन्हे कलल्यावर डबा थांबला. मी म्हणालो, डोळा लागला असेल, लागू दे.

ताट्या आत घ्यायच्या वेळेला मी अंगणात गेलो. बाज रिकामी होती. डबा अक्रोडाच्या फांदीला टांगलेला होता आणि काठी त्याच्या शेजारी दुसऱ्या दोरीने बांधलेली. वारा आला की काठी डब्यावर आपटत होती. वारा पडला तसा डबा थांबला होता. ताट्यांवर जाळीचे कापड अंथरून चारही कोपऱ्यांना दगड ठेवले होते. एकाही फोडीला चोच लागलेली नव्हती.

मी मुलाला हाक मारली आणि आम्ही आधी ताट्या आत घेतल्या. आभाळ भरून आले होते. त्यानंतर शोधायला लागलो. हे लिहू नका असे मी हवालदारांना म्हणालो. ते म्हणाले, बाबा, तुम्ही बोलाल ते मी लिहिणार. बरे, लिहा.

विहीर पाहिली. ओढा पाहिला, पाणी घोट्याएवढेच आहे. मुलगा अजून ओढ्याच्या खालच्या अंगाला शोधतो आहे. सून शेजाऱ्यांकडे गेली. मी इथे आलो. थोरल्यांना डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घरी फडताळात तशाच आहेत. चपला घालून गेले आहेत, काठी मात्र डब्याला दिलेली आहे. रस्त्यावर ट्रक फार वेगाने जातात. माझा जीव टांगणीला लागला आहे.

घरात भांडण झाले होते का असे विचारता, नाही. पुन्हा विचारता सांगतो की, काल संध्याकाळी चहाच्या वेळी कपाटातला पहिला माल बाहेर निघाला. मुलाने धुरी देऊन भरला होता. रंग पिवळाधमक, सगळ्या फोडी एका मापाच्या. त्याने एक थोरल्यांना दिली. त्यांनी बराच वेळ चावली आणि म्हणाले, "चामडं झालंय." मुलगा म्हणाला, "काका, बाजारात चामडंच खपतं. तुमचा काळा माल बघून लोक विचारतात, जळला का?" त्यावर थोरले माझ्याकडे वळून म्हणाले, "धाकट्या, तू खाऊन बघ. तुझं काय म्हणणं?"

मी खाल्ली. मी म्हणालो, "दादा, आता पोराच्या मतानं चालू दे."

ते "बरं" म्हणाले. आपला कप त्यांनी स्वतः विसळून ठेवला. एरवी सून विसळते. आवाज कोणाचाही चढला नाही. ह्याला भांडण म्हणता येत नाही.

फोड चवीला कशी होती असे हवालदारांनी विचारले. मी सांगितले नाही.

त्यानंतर हवालदार म्हणाले की, माणूस हरवला म्हणून लिहायचे की निघून गेला म्हणून, ते नक्की सांगा. डोक्याने भ्रमिष्ट असेल तर आत्ता गाडी पाठवतो. शहाणासुरता माणूस आपल्या पायाने गेला असेल तर त्याचा कान धरून आणता येत नाही. मी म्हणालो, हरवला लिहा. वय झाले आहे, विसरतात, कालचे आज आठवत नाही. असे सांगितल्यावर हवालदारांनी पेन उचलले आणि मला राहवले नाही. मी म्हणालो, थांबा. भ्रमिष्ट माणूस दोरीला तशी गाठ मारत नाही. ती फळांनी वाकलेल्या फांदीला टेकू देताना मारायची गाठ आहे, वाऱ्याने सैल होत नाही, उलट आवळते. थोरल्यांनीच मला शिकवली. मला अजून धड येत नाही. आणि जर्दाळू चिरायची त्यांची सुरी खुंटीवर नाही.

हवालदार ताठ बसले. म्हणाले, "सुरी घेऊन गेलेत? आणि हे आत्ता सांगताय?" मी म्हणालो, "साहेब, शस्त्र म्हणून लिहू नका. बोटाएवढी आहे. तिनं जर्दाळूखेरीज कशालाच इजा केलेली नाही." हवालदार म्हणाले, "अहो, मग सरळ आहे. सुतार पटाशी घेऊन निघाला तर कुठं जाईल? कामाला. तुमच्याशिवाय आणखी कोण वाळवतं इकडं?"

मी सांगितले की आता कोणी नाही, सगळ्यांनी कपाटे घेतली. फक्त टेकडीवरच्या बाई अजून चटयांवर वाळवतात. त्यांच्या मोटारपंपाच्या चोरीची तक्रार ठाण्यात असल्याने हवालदारांकडे त्यांचा नंबर होता. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. बाई म्हणाल्या, "थोरले ना? इथंच आहेत की. दुपारपासून बायकांबरोबर चिरायला बसलेत. मला वाटलं, तुम्ही पाठवलंत मदतीला."

हवालदारांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "दादा, अरे काय हे? आम्ही विहिरीत डोकावून आलो."

ते म्हणाले, "विहिरीत कशाला डोकावलास? मला पोहता येतं. जेवलास का?"

"कुणाला जेवण जातंय? गोळ्या तरी न्यायच्यास."

"पाठवून दे पोराबरोबर."

"पाठवून काय देऊ? तोच येईल गाडी घेऊन. घरी चल."

"इथं उद्या अंजीर उलटायचेत."

"लोक काय म्हणतील, दादा? भावानं म्हातारपणी हाकलला म्हणतील."

"लोकांना सांग, कामाला गेलाय. खोटं नाही ते."

मी म्हणालो, राग आला असेल तर मला बोल, चार शिव्या दे. तेवढ्यात त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले. कोणाला तरी म्हणाले, "ते राहू दे, अजून ओलं आहे." पलीकडून चिरणाऱ्या एका बाईचा आवाज आला, "बरं, राहू देते." मग मला म्हणाले, "काय म्हणत होतास?" मी म्हणालो, काही नाही. त्यांनी फोन बाईंकडे दिला.

बाईंनी सांगितले की खोली रिकामी आहे, गोधडी दिली आहे, आणि तुम्ही काळजी करू नका. मी मुलाला ओढ्यावरून परत बोलावले. गोळ्या घेऊन तो टेकडीवर जाईल. मी जाणार का असे विचारता, आज नको.

माझी कोणावरही तक्रार नाही. मुलाचा दोष नाही, सुनेचा नाही, बाईंचा तर अजिबात नाही. ठाण्याचा वेळ घेतला त्याबद्दल माफी असावी.

वरील जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. शेवटी त्यांनी 'सदर इसम सुखरूप मिळून आला व घरी परत' असे लिहिले होते. त्यातले 'व घरी परत' हे शब्द मी खोडायला लावले, खाडाखोडीवर सही केली. बाकी मजकूर खरा व बरोबर आहे.